ड्रायरखालचं मंडळ

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, 'मैत्रिणी' या शब्दाला तुमची हरकत काय?" हरकत काय! अहो, मला काय मैत्रिणी नाहीत? ढिगानं आहेत! पण मी घोरते म्हणून झोपेत लाथ मारायचा अधिकार त्यांतल्या एकीला तरी दिलाय का मी? तो एकटीचा. आमच्या हिचा. आणि हिला पाटीवर घालतायत मैत्रिणींत... मैत्रिणी म्हणे!

थांबा, नीट सांगते. तर माझं पार्लर आहे. लहानसंच, भिंतभर आरसा, तीन खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर तो जुना ड्रायर, डोक्यावर टोपासारखा उतरवायचा. ड्रायर कसला, विमानच ते! सुरू झालं की आतल्या बाईला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. मग ती शेजारणीला एखादं गुपित अगदी हळूच म्हणून सांगते, आणि ते पलीकडच्या बेकरीत पाव घेणाऱ्या माणसाला कळतं. "माझ्या नवऱ्याचे दात खोटे आहेत, कुणाला बोलू नकोस हं!" मी ओरडते, "बाई, हळू!" ती म्हणते, "काय?" मी म्हणते, "हळू!" ती म्हणते, "अगं, हळूच बोलतेय की!"

आमची ही भेटली तीही अशीच. ही वायरमन. म्हणजे बाईच, पण शब्द तोच वापरायचा, तिला तोच आवडतो. ड्रायर दुरुस्त करायला आली, बघू चालतो का म्हणून स्वतःच टोपाखाली बसली, आणि बसल्या बसल्या मला अगदी हळूच म्हणाली, "तुझे डोळे फार सुंदर आहेत!" दुकानात गिऱ्हाइकं होती हो! सगळ्या वळून माझ्या डोळ्यांकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "अगंबाई, खरंच की, इतके दिवस लक्षातच नाही आलं." मी आरशात तोंड लपवायला गेले, आता आरशात कुठे लपवणार? तेव्हापासून ही ड्रायर दुरुस्त करतेय. वीस वर्षं झाली, ड्रायर अजून पुरता दुरुस्त झालेला नाही, आणि मीही कधी घाई केली नाही.

तर आमचं मंडळ. मंगळवारी पार्लर बंद. दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं आणि वाकून वाकून एकेक आत. क्रीडाशिक्षिका यायची, नर्स यायची, बँकेतली कॅशियर यायची, आणखी कोण कोण. सगळ्या आमच्यातल्याच, बायकांवर जीव जडलेल्या बायका. काय करायचो? काही नाही हो, बसायचो! खरं बोलत बसायचो, जे बाहेर कुठेच बोलता यायचं नाही. नर्सला घरच्यांनी खोलीत कोंडलं होतं, तेव्हा ती न्हाणीघराच्या खिडकीतून उतरून, एका पायात चप्पल घालून इथे आली होती. मधल्या खुर्चीत बसून रडली. तिच्या घरी जाऊन तिचे कपडे आणि सर्टिफिकिटं आणली आमच्या क्रीडाशिक्षिकेनं. शिट्टी गळ्यात घालून गेली होती! एकदा फुंकली म्हणे, आणि नर्सचे वडील सवयीनं रांगेत उभे राहिले.

पण माझ्या धंद्याचं काय झालं बघा ना! बाहेरून काय दिसायचं? बायका पिंजारलेल्या केसांनी आत शिरतायत, आणि तीन-तीन तासांनी तशाच पिंजारलेल्या बाहेर पडतायत. बेकरीवाली गिऱ्हाइकांना सांगायची, "तिथे नका गं जाऊ, बसवून ठेवते आणि एक केस इकडचा तिकडे होत नाही." चळवळीसाठी लोकांनी तुरुंग भोगला. मी कात्रीची अब्रू घालवली.

आता इतकं सगळं झाल्यावर आली वारसा समिती. गावातल्या महत्त्वाच्या जागांवर पितळी पाट्या लावतात ते. चौकातल्या एका घरावर पाटी आहे, एका कवीला तिथे मुक्कामात ताप आला होता म्हणून. ताप! दुसऱ्या दिवशी उतरलासुद्धा! क्रीडाशिक्षिका म्हणाली, "तापाला पाटी मिळते, मग आपल्याला का नाही?" तिनं अर्ज केला, आणि काय सांगू, मंजूर! आम्ही नाचलो! आणि मग मजकूर आला. "या ठिकाणी परिसरातील काही मैत्रिणी केशभूषेच्या आवडीने एकत्र जमत असत."

केशभूषेच्या आवडीने! अहो, त्या क्रीडाशिक्षिकेनं जन्मात कंगवा विकत घेतलेला नाही! मैत्रिणी म्हणे!

हिनं मजकूर वाचला आणि घडी घालून ठेवून दिला. म्हणाली, "पाटी लागेल तेव्हा तू जा. तुझ्या मैत्रिणींना घेऊन जा. मी त्या शब्दाखाली उभी राहणार नाही." मी म्हटलं, "जाऊ दे ना गं, पाटी तर मिळतेय..." माझं हे असंच. माझं आडनावच 'जाऊ दे' ठेवायला हवं होतं. रात्री मी मुद्दाम घोरले, तरी लाथ नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष आले, भिंतीचं माप घ्यायला. हातात मापाची टेप, आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात. पार्लरमध्ये काकू बसल्या होत्या डोक्याला रंग लावून. काकू म्हणजे हिच्या आई. मनात मी सासूबाई म्हणते, तोंडावर काकू. लोकांना त्या माझी ओळख करून देतात, "ही आमच्या मुलीची पार्लरवाली मैत्रीण." इतकी वर्षं! आणि ही मधल्या ड्रायरचं झाकण उघडून, तोंडात स्क्रू धरून बसलेली, अध्यक्षांकडे पाठ करून.

मी म्हटलं, "साहेब, तो एक शब्द तेवढा..."

"ताई, लहान मुलंही पाटी वाचतात हो."

"वाचू दे की. आम्हीही लहानच होतो, आणि वाचायला काही नव्हतं म्हणून तर घोळ झाले."

"पण 'समलिंगी' शब्द... म्हणजे माझी काही ना नाही... पण पाटीवर जागाच नाही!"

आता त्या पाटीवर अध्यक्षांचं नाव पदव्यांसकट दोन ओळी! त्याला जागा आहे! मला भांडता येत नाही हो. मी जवळची खुर्ची बघून बसले, ती नेमकी मधली. टोप डोक्यावर होताच. आणि त्याच क्षणी हिनं शेवटचा स्क्रू पिळला आणि बटण दाबलं.

विमान सुटलं! आणि वीस वर्षं बायकांना "हळू, हळू" म्हणणारी मी, हिच्याकडे वाकून, अगदी हळूच, फक्त हिलाच ऐकू जाईल असं म्हणाले...

"तू माझी मैत्रीण नाहीस! तू माझा संसार आहेस! मैत्रिणींना कुणी कुलूप लावून कोंडतं का? मैत्रिणींना खिडकीतून पळावं लागतं का? आम्ही बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका होतो, आहोत, आणि पाटीवर तेच लागेल, नाहीतर तो माणूस माझ्या भिंतीला हात लावून दाखवू दे! आणि आज रात्री लाथ मार मला!"

हिनं बटण बंद केलं. दारात बेकरीवाली, हाताला पीठ तसंच. तिच्यामागे तिची सगळी गिऱ्हाइकं, पाव काखेत. अध्यक्षांच्या हातून टेप सुटून सर्रकन गुंडाळली गेली. आणि काकू... त्यांच्या कपाळावरून रंग ओघळत होता. मला म्हणाल्या, "केवढ्यानं ओरडतेस? मी बहिरी नाही. वीस वर्षं दिसतंय मला."

"काकू, मी..."

"आणि आता काकू काकू काय लावलंयस? आई म्हण."

मी रडणार तोच अध्यक्ष चाचरत म्हणाले, "भावना पोचल्या... पण ताई, खरंच, पाटीवर इतकं बसणार नाही हो."

आई म्हणाल्या, "तुमचं नाव काढा. बसेल."

आणि बसलं हो! चकचकीत पितळ. "समलिंगी स्त्रियांचे मंडळ येथे दर मंगळवारी जमत असे. त्यांनी एकमेकींना सांभाळले." ही इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर त्या शब्दाखाली उभी राहिली. क्रीडाशिक्षिकेनं शिट्टी फुंकली. आणि बेकरीवालीनं पाटी दोनदा वाचून अख्ख्या रस्त्याला सांगितलं, "बघा! मी म्हणत नव्हते? केस कापतच नव्हती ती!"

आता लांबून लांबून लोक येतात पाटी बघायला. कालच दोन मुली आल्या, हात हातात धरून, एकीचे केस तर असे की माझी कात्री आपोआप हातात आली. म्हटलं, चला, इतिहासानं एक तरी गिऱ्हाईक दिलं! म्हटलं, "कापायचेत ना?"

त्या म्हणाल्या, "नाही काकू... आम्ही नुसतं बसलो तर चालेल?"

मी कात्री ठेवली, शटर अर्धं खाली ओढायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. पूर्ण वर ढकललं. म्हटलं, "बसा बायांनो, बसा. पण एक सांगते, काय बोलायचं ते टोपाखाली बसून हळूच बोलू नका... बेकरीवालीला आता सगळं नीट ऐकायची सवय लागलीय."