तळ दिसत नव्हता

(धबधब्याकडून उतरणारी पायवाट. सहलीला आलेले पालक बरेच पुढे गेले आहेत. त्यांच्या मुलांना पोहायला शिकवणारे सर आणि त्यांची बायको मागे.)

बायको : हळू चला जरा. एकच चप्पल उरलीय पायात.

सर : दुसरी?

बायको : डोहात. चप्पल गेली, भाऊ आला. सौदा काही वाईट नाही.

सर : चेष्टा नको गं. त्यापेक्षा शिव्या घाल.

बायको : घातल्या असत्या. पण दात वाजतायत.

सर : अगं, हा टॉवेल घे. घे ना!

बायको : राहू द्या. एवढ्या मानानं पांघरलाय तुम्हाला त्यांनी.

सर : मी सांगणार होतो.

बायको : कधी?

सर : ते सगळे वरच्या डोहावरून धावत आले, तेव्हा मी त्याला काखेत धरून काठावर ओढत होतो. तू खडकाआड खोकत होतीस. त्यांना वाटलं...

बायको : ऐकलं मी. ‘सर होते म्हणून वाचला!’ अहो, घाबरलात त्याचा राग नाही मला. माणूस घाबरतो. पण टाळ्या वाजल्या आणि तुम्ही मान खाली घालून हसलात. ते हसणं काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

सर : आपल्या तलावात निळ्या फरशा असतात. तळाला रेघा असतात. इथं पाणी काळंकुट्ट, तळच दिसेना. तो गटांगळ्या खातोय, मी बघतोय, आणि पाय जागचे हलेनात. तू उडी मारलीस, तरी हलेनात.

बायको : मला वाटलं, तुम्ही मागून येताय. त्या भरवशावर मारली मी उडी. आत त्यानं गळ्यालाच मिठी मारली माझ्या. म्हटलं, संपलं.

सर : बास कर. कुठं तोंड लपवू मी?

बायको : गप्प. तोच येतोय वळून.

मेहुणा : भावोजी! बुडालो मी आणि दमलात तुम्ही?

बायको : तू कशाला परत चढ चढलास? बस त्या दगडावर.

मेहुणा : बसतो. ताई, मला बोलू दे, पुढं सगळ्यांदेखत जमायचं नाही. भावोजी, तुमच्या लग्नापासून टिंगल करत आलो तुमची. ‘पाण्यात उभं राहायचा पगार घेतात’ म्हणायचो. आज कान धरतो.

सर : नको रे.

मेहुणा : ऐका तरी. आत्ता या वळणावर रेंज आली, बॅगेतला फोन काढून आईला लावला. म्हटलं, तुझ्या जावयानं मला ओढून काढलं. रडायलाच लागली ती.

सर : आईंना कशाला सांगितलंस!

मेहुणा : का? काय झालं?

सर : मी उडी मारलीच नाही.

मेहुणा : म्हणजे?

सर : तुला हिनं काढलं. मी काठावर उभा होतो. तुम्ही कडेला आलात, मग कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. तेवढंच.

मेहुणा : ताई?

बायको : खरं आहे.

मेहुणा : ...बरं. मग हे आपल्या तिघांतच राहू दे. पुढं चाललेत त्यांची पोरं शिकतात तुमच्याकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सर : ती पोरं मी आहे म्हणून बिनधास्त पाण्यात उतरतात. त्यांच्या आईबापांना कळायलाच हवं. खाली गाडीपाशी मी सांगणार आहे.

मेहुणा : नोकरी जाईल, भावोजी. ताई, तू तरी सांग ना यांना!

बायको : मी अडवणार नाही.

सर : तुझा फोन दे आधी.

मेहुणा : आता कुणाला?

सर : दे तू... हॅलो, आई? मी बोलतोय. आहेत, दोघंही आहेत इथंच. नाही, रडू नका. मघाशी तुम्हाला अर्धंच कळलं. आई, तुमची दोन्ही मुलं पाण्यात होती. मी काठावर होतो.