लाईट गेली ते बरं झालं

तुम्ही मोबाईल हळू चालतो म्हणून रडताय, माझा एकदा इतका जोरात चालला की आप्पांचा कांदा वाहून जायचा तेवढा बाकी राहिला.

झालं काय, न्हावऱ्यात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या सलीमनं लॅपटॉप जोडून माझ्या मोबाईलच्या प्रोसेसरचा आन् मेमरीचा स्पीड वाढवला. गेम नुसती पळायला लागली. मी खूश! ॲपवरनं विहिरीची मोटार चालू केली आन् त्याच्या दुकानातच खेळत बसलो. मोबाईल तव्यासारखा तापला, बंद पडला, आपोआप चालू झाला, परत बंद.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या रानातनं आप्पांचा, माझा लागंना म्हणून, सलीमला फोन. "आरं, त्याला सांग, मोटार बंद कर! ऊस भरून पाणी माझ्या काढलेल्या कांद्याकडं निघालंय. आन् स्टार्टरच्या पेटीला कुलूप हाय!"

मी वरडलो, "सलीम, स्पीड कमी कर!"

"आधी चालू तर होऊ दे की!"

गाडीला किक मारली आन् दोघं रानाकडं सुटलो. बघतो तर मोटार बंद. लाईट गेलेली! पाणी कांद्याच्या ढिगापासून हातभर लांब थांबलेलं. लाईट आल्यावर मोटार परत चालू होऊ नये म्हणून मी आधी पेटी उघडून मेन स्विच पाडला, मग बांधावर बसून श्वास घेतला.

रोज लाईट गेली की वायरमनला शिव्या घालणारे आप्पा म्हणाले, "वायरमनला फोन लाव."

"तक्रार करायची?"

"न्हाय रं. म्हणावं, सावकाश या. जेवून या."