इलोबी मास्तरांच्या पेटाऱ्याची किल्ली

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रेव्हरंड मॅडुका, टोपीत मानाचं पीस खोवून व्यासपीठावर बसलेले गावचे वडीलधारे, आपले सत्कारमूर्ती इलोबी मास्तर, त्यांच्या पत्नी रिबेकाबाई, तिसऱ्या बाकावर बसलेली माझी आई, आणि जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी पाहिलं. बाराला पंधरा मिनिटं कमी आहेत. बाराच्या आत आटपावं असं मलाही वाटतं. का, ते ओघात येईलच.

मास्तरांचं मोठेपण मी काय सांगावं? बावीस वर्षांपूर्वी ते पत्र्याचा पेटारा डोक्यावर घेऊन ओनित्शाहून आपल्या उमुएझिकेत चालत आले. या टेकडीवर तेव्हा रान होतं आणि तिथे गेलेला जगत नाही म्हणून त्या रानात कोणी जात नसे. मास्तर गेले, राहिले, आणि जिवंत राहिले. निम्मा गाव त्या एका गोष्टीवरच ख्रिस्ती झाला. मी तेव्हा बोलताना अडखळायचो. मास्तरांनी मला त्यांच्या बकरीसमोर बसवलं आणि म्हणाले, "बार्नाबस, स्तोत्र वाच. ती उठून जाईपर्यंत थांबायचं नाही." सहा महिने मी बकरीला स्तोत्रं ऐकवली. पुढे एकदा मास्तर म्हणाले, "आता तिला झोप लागते. तू पाद्री व्हायला हरकत नाही." रेव्हरंडसाहेब, क्षमा असावी, वाक्य मास्तरांचं आहे.

आज मी इथे उभा राहून न अडखळता बोलतोय, ही त्यांची देणगी. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की हा माणूस कृतघ्न आहे.

मिशनच्या अंगणात जन्मलेल्या मुलांनी इकेंगा पाहिलेला नाही. बाळांनो, पुरुष संसार मांडतो तेव्हा एक लाकडी मूर्ती कोरून घेतो. डोक्यावर दोन शिंगं, मुठीत सुरा. ती म्हणजे त्याचा उजवा हात. त्याची कुस्ती, त्याची शेती, त्याचा शब्द, सगळं तिच्यात. रोज सकाळी तिच्यापुढे कोलाच्या कडू बीचा तुकडा ठेवायचा. आणि तो पुरुष गेला की थोरल्या मुलानं ती उभी चिरायची, म्हणजे त्याचा हात कामातून मोकळा होतो.

एकोणीस वर्षांपूर्वी मास्तरांनी इथेच, या खिडकीबाहेर, होळी पेटवली होती. आदेश होता, "आपापली मूर्ती घेऊन या. रिकाम्या हातानं कोणी येऊ नये." मी वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. माझा इकेंगा कुठून असणार? पण साहाय्यक शिक्षकाची जागा रिकामी होती, आणि ती मला हवी होती. बाबा शेतावर गेलेले पाहून मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत शिरलो, त्यांचा इकेंगा उचलला आणि आगीत टाकला. टाळ्या झाल्या; मूर्ती कोणाची, ते कोणी विचारलं नाही. सोमवारी मला जागा मिळाली.

माझे वडील उदेमेझुए तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. नऊ गावांत त्यांची पाठ कोणी जमिनीला लावली नव्हती. कुस्तीत मोडलेला उजवा अंगठा बाहेर वळलेला होता, आणि यामचा कंद लावला की मातीच्या ढिगावर त्या हाताचा एक थापा उमटवायचे. चोरी कळल्यावर त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. वडीलधाऱ्यांनी विचारलं, "तुझा इकेंगा कुठाय?" मुलाचं नाव सांगितलं असतं तर मला गाव सोडावं लागलं असतं. बाबा म्हणाले, "मीच चिरला."

जिवंतपणी स्वतःचा इकेंगा चिरणारा पुरुष आपल्याकडे मेलेला धरतात. बाबा सोळा वर्षं मेलेले धरले गेले. बैठकीतली मानाची कोलाची थाळी त्यांच्यासमोरून पुढे जायची. ज्यांना त्यांनी मातीत लोळवलं होतं ते विचारायचे, "काय उदेमेझुए, आता बांगड्या कधी भरणार?" बाबा ऐकून घ्यायचे, कुदळ उचलायचे आणि शेतावर जायचे. मी इथे मुलांना पाढे शिकवत होतो.

तीन वर्षांपूर्वी ते खरेच गेले. मी थोरला मुलगा, पण मूर्ती चिरायला मला कोणी सांगितलं नाही, कारण तो चिरलेलाच आहे असा सगळ्यांचा समज. आणि मला वाटत होतं, तो जळून गेलाय.

चाळिसाव्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आई म्हणाली, "शेतात कोण खणतंय बघ." मी गेलो. माणूस नव्हता. ढिगांची नवी ओळ होती, माती ओली, आणि प्रत्येक ढिगावर एक थापा. अंगठा बाहेर वळलेला. तेव्हापासून रोज बारा वाजता. आमचं शेत या शाळेच्या कुंपणाला लागून आहे. तुमच्यातल्या अनेकांनी ती कुदळ ऐकली आहे, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी त्या ढिगांत मांडीएवढे कंद आले. बायकोनं त्यातला एकही शिजवला नाही. आई मात्र भीत नाही. ती परवा एवढंच म्हणाली, "दमलाय रे तो. धाप ऐकू येते मला. जिवंतपणी चार माणसांत बसू दिलं नाहीत, मेल्यावर तरी त्याला टेकू द्या."

गुरुवारी मी मास्तरांचं सामान बांधायला गेलो. हो, तोच पत्र्याचा पेटारा. तळाशी, उपासनेच्या झग्याखाली, बाबांचा इकेंगा होता. एक शिंग जळालेलं. पायांना आमच्या शेतातली लाल माती, ओली. आणि समोर कोलाचा ताजा तुकडा. रिबेकाबाई, मला माफ करा, तुम्ही म्हणाला होतात कोणाला सांगू नकोस. बाई म्हणाल्या, "होळीच्या दुसऱ्या दिवशी यांना उजव्या हातात खडू धरवेना. मग राखेतून काढून आणला. रोज एक तुकडा, बाकी काही नाही. एकदा मी विसरले, तर दिवसभर यांचा हात लुळा."

म्हणजे एकोणीस वर्षं फळ्यावर कोणाचा हात लिहीत होता, मास्तर? माझ्या नावाचं पहिलं अक्षर तुम्ही शिकवलंत. तुमच्यावर राग धरायला मला तोंड नाही. तो आगीत टाकणारा मी. आज सकाळी मी एकांतात मागितला. तुम्ही म्हणालात, "पेटाऱ्यात तसलं काही नाही, बार्नाबस." म्हणून चारचौघांत मागतोय. लॉरी फाटकात उभी आहे. पेटारा ओनित्शाला गेला, तर माझे बाबा कायमचे खणत राहतील.

रेव्हरंडसाहेब, शाळेचा कारभार आज माझ्या हाती द्यायचं ठरलंय. हजेरीपट त्या टेबलावर आहे. मूर्ती चिरणाऱ्या माणसाला मिशन तो देणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो तिथेच राहू द्या. मी घरून कोयता आणलाय.

बारा वाजले. ऐकलीत? कुंपणापलीकडे. बसा, बसा, पळू नका. ते कोणाला काही करत नाहीत. आई, तू उठू नकोस.

मास्तर, किल्ली.

धन्यवाद. उजव्या हातात यापुढे खडू राहणार नाही. आता लिहिताना डावा वापरा. बकरीसमोर बसून सराव केलात तर जमेल.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. अध्यक्षांची वेळ खाल्ली, बाईंचा शब्द मोडला, गुरूला सभेत उघडं पाडलं. जे चुकलं ते मोठ्या मनानं पोटात घाला.

ऐका. कुदळ थांबली. वाट बघताहेत.

बाबा, माझं चुकलं. आता कुदळ खाली ठेवा.