गणपतीत उरलेला गोलकीपर

आखातातल्या गाला नावाच्या भागातल्या दवाखान्यात जमिला बाहेर बसली होती. आत नवऱ्याच्या गुडघ्यांचा एक्स-रे चालला होता. मागच्या बाकावर दोघं तावातावाने बोलत होते.

“हॉकी जिंकायचीय ना? बाबामियाँना शेजारच्या अमेरात गावच्या टीमला देऊ, त्यांचा सागर घेऊ.”

“गोलकीपर देऊन फॉरवर्ड?”

“वाकता येत नाही रे त्यांना!”

“सागर कुठला?”

“कणकवलीचा.”

“म्हणजे गणपतीत गावी.”

“जाणारच. आपण नाही जात?”

“जातो ना! गेल्या गणपतीत गॅरेजमधली पोरं गोळा करून मॅच कोण खेळलं?”

“सात गोल खाल्ले त्यांनी.”

“खाल्ले. पण टीम बाद होऊ दिली नाही.”

दार उघडलं. भिंतीला धरत बाबामियाँ बाहेर आले. दोघंही ताडकन उठले.

“बाबाभाई, शुक्रवारी मॅचला येताय ना?”

“पट्टा बांधून पाठवते,” जमिला म्हणाली.