पाहुणे, सोडा!

(खाडीच्या तोंडाशी, हौशी गिऱ्हाइकांना गळ टाकायला नेणारी एक लहान इंजिनाची नाव. सकाळ. नावेत तिघंच.)

सासूबाई : …आणि मी आज तुमची बायको नाही, एवढं लक्षात ठेवा.

सासरे : मग कोण आहेस?

सासूबाई : गिऱ्हाईक. नवशिकं गिऱ्हाईक. तुम्ही मुरलेलं गिऱ्हाईक. आणि जावईबापू वाटाडे. ठरलंय ना तसं? मग इंजिनावरचा तो हात काढा. गिऱ्हाईक नाव चालवत नाही.

सासरे : हात नुसता टेकलाय.

सासूबाई : गेल्या महिन्यातही नुसता टेकलाच होता. नाव खडकावर चढली आणि आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर.

सासरे : तो खडक तिथं नव्हता.

सासूबाई : खडक आपल्या लग्नाच्या आधीपासून तिथंच आहे. तुमचा डावा डोळा तेवढा आता जागेवर नाही.

जावई : चला, बसून घ्या, बसून घ्या! आत सरका. मामी, पाय आत. मामा, दारात उभं राहू नका.

सासरे : नावेला दार नसतं, पाहुणे.

जावई : सवय हो, मामा. हां, निघू या. टिंग टिंग!

सासरे : हे काय वाजवलंत?

जावई : बेल. कठड्यावर दोनदा मारलं की निघायचं, एकदा मारलं की थांबायचं. बसमध्ये उभ्यानं जन्म गेला, हात आपोआप जातो.

सासरे : बेल ऐकून गाडी हाकणारा कोण आहे इथं?

जावई : अरे हो. मीच की.

सासरे : बघितलंस? नाव विकत घ्यायला बर्फवाला शनिवारी यायचाय, पण मी तेवढी वाटच बघत नाही. आज संध्याकाळीच बर्फवाल्याला सांगतो, घेऊन जा नाव.

सासूबाई : काही सांगायचं नाही. सहल पुरी होऊ दे, मग काय ते ठरवा. तिकडं लेकीनं अर्धं सामान बांधलंय. नाव मिळाली तर दोघं इथं राहतील, नाहीतर जावईबापूंच्या भावाच्या दुकानात, कुठल्या कुठं. मग बसा वर्षातून एकदा त्यांची वाट बघत. बसच्या दारात तिकिटाचं यंत्र आलं आणि कंडक्टर नकोसा झाला, त्यात यांचा काय दोष?

जावई : मामी, राहू द्या. मामांनी बघावं आणि ठरवावं. यंत्र तसं बरं आहे. फक्त म्हाताऱ्या माणसाला हात देत नाही.

सासूबाई : आणि अहो, तुम्ही शब्द दिलाय मला. आज तोंड उघडायचं नाही.

सासरे : गिऱ्हाइकाला तोंड असतं.

सासूबाई : तुमच्या नावेत कधी कुणाला नव्हतं.

सासरे : माझ्या नावेत शिकाऊ माणसं चढतच नव्हती. धक्क्यावरची ती पाटी तुझ्या लेकीनं रंगवली. ‘शिकाऊ असो वा सरावलेले, सगळ्यांचं स्वागत’! सगळ्यांचं काय स्वागत करायचं? खाडी आहे ही, मंगल कार्यालय नाही.

जावई : थांबू या इथं. टिंग! मामी, हे बघा, भरतीचं पाणी खाडीत यायला लागलंय. समोर खडकांची रांग आहे. त्या खडकांच्या आडोशाला मासा—

सासरे : श्श!

जावई : काय झालं?

सासरे : तो शब्द नावेत काढायचा नाही. हाती लागेपर्यंत त्याला पाहुणा म्हणायचं. नाव घेतलं की फिरकत नाही.

जावई : पण मामा, तुम्ही मलाही पाहुणेच म्हणता.

सासरे : तुम्ही जावई. तुम्हाला दुसरं काय म्हणणार?

सासूबाई : बरोबर आहे. दोघांनाही आमिष दाखवूनच आणावं लागतं.

जावई : मामी, काठी अशी धरा. बसमध्ये वरचा दांडा धरतो ना, तशी. घट्ट, पण हात अवघडेल इतकी नाही. गुडघे सैल. कधी धक्का बसेल सांगता येत नाही.

सासरे : दांडा! या काठीला मी आयुष्यात—

सासूबाई : मुरलेलं गिऱ्हाईक, गप्प. जावईबापू, गळ मी पुष्कळ बांधले हो. लग्न झाल्यापासून रोज पहाटे धक्क्यावर बसून आमिष कापतेय. पण यांच्या नावेत बसून गळ टाकला नाही कधी. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या हंगामात नेतो.

सासरे : तुला उलट्या झाल्या असत्या.

सासूबाई : झाल्या आत्तापर्यंत?

सासरे : अजून वेळ गेली नाही.

जावई : चला मामी, काठी मागं न्या. खांद्यावरून. मागं कोण आहे ते आधी बघा. आणि सोडा पुढं!

सासूबाई : गेला! लागलं वाटतं काहीतरी! जड लागतंय!

सासरे : माझी टोपी आहे ती.

सासूबाई : अगं बाई.

सासरे : भिजली.

सासूबाई : पाहुणा आला म्हणायचं का?

जावई : होतं असं, मामी. एकदा एका बाईंची छत्री ड्रायव्हरच्या शर्टात अडकली होती. सोडवता सोडवता दोन स्टॉप गेले. पुढं लग्न झालं त्यांचं. ही घ्या टोपी, मामा. कठड्यावर वाळत घाला. मामी, पुन्हा टाका. अस्सं! बघा, किती लांब गेला.

सासरे : लांब! थुंकलो तरी याहून— बरं. गप्प आहे मी. हं, माझ्या दोरीला बघा. आला पाहुणा.

जावई : एवढ्यात?

सासरे : मुरलेलं गिऱ्हाईक आहे मी. पण बोटाएवढा आहे हा. पाहुणा सोडा.

जावई : नीट बघू तरी द्या ना.

सासरे : बघायचं नाही! लहान दिसला, पोट अंड्यांनी भरलेलं दिसलं, की सोडायचा. मी ‘सोडा’ म्हटलं की त्या क्षणी सोडायचा. वर काढला की त्याचा जीव घुसमटतो, आणि इथं तुम्ही चौकशी करत बसता.

जावई : चुकलं. सोडला. जा बाबा, मोठा होऊन ये. तेव्हा पूर्ण तिकीट घेऊ.

सासरे : गळ काढायची पक्कड मात्र चांगली चालवता.

सासूबाई : काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

सासरे : काही नाही. खोकला आला.

जावई : पंचिंगचा हात आहे, मामा. गर्दीत एका हातानं दांडा धरायचा आणि दुसऱ्यानं तिकीट टोचायचं. नेम चुकला तर माणसाचं बोट.

सासूबाई : अहो! अहो, ओढतंय!

सासरे : कोण?

सासूबाई : मला काय ठाऊक कोण! काठी वाकली! जावईबापू, धरा ही!

जावई : मी नाही धरणार. तुमचा आहे तो. मामी, ऐका. गर्दीत मागून लोंढा आला की आपण काय करतो? अंग ताठ करत नाही. तसंच. जाऊ द्या त्याला. दोरी पळू द्या.

सासूबाई : संपेल ना दोरी!

जावई : पुष्कळ आहे. तो पळतोय तोवर आपण थांबायचं. तो थांबला की आपण गुंडाळायचं. घाई त्याला आहे, आपल्याला नाही. हां, थांबला. आता फिरवा.

सासूबाई : हात दुखतोय.

जावई : दुखणारच. बसून घ्या. काठीचं बूड मांडीवर टेकवा. पाणी देऊ?

सासूबाई : पाणी कसलं देताय आत्ता! आणि यांच्याकडं बघा, हे असे लाल का झालेत?

जावई : मामा, श्वास घ्या.

सासरे : …घेतोय.

सासूबाई : पळाला! पुन्हा पळाला! मेल्याला पाठीला डोळे आहेत की काय, मी जरा बोलले की पळतो!

जावई : बोला की. तुम्ही बोलत राहा. बोललं की हात सैल राहतो. हां, दमला. येतोय बघा. येतोय, येतोय… आला नावेजवळ. मी दोरी धरतो. मामी, वाका जरा. बघितलात?

सासूबाई : अगं आई गं! केवढा!

जावई : चांदीचा पत्रा जणू!

सासरे : पाहुणे, सोडा! सोडा!

जावई : सोडला!

सासरे : काय?

जावई : पाहुणे. सोडले. पक्कड लावली, गळ काढला. गेले ते.

सासरे : गेले?

जावई : त्या क्षणी.

सासरे : अहो, दोरी! दोरी सोडा म्हणालो मी! तो उसळायला लागला होता आणि तुम्ही दोरी मुठीत आवळून बसलात. तुटली असती. पाहुणे म्हणजे तुम्ही! सोडा म्हणजे दोरी!

जावई : मला वाटलं, एवढा मोठा आहे, म्हणून मान देऊन बोलताय.

सासरे : माशाला?

जावई : मघाशी बारक्याला पाहुणा म्हणालात. म्हटलं, याला पाहुणे म्हणत असतील.

सासरे : तुम्ही… तुम्ही ना… अगं, जावई आहेत म्हणून, नाहीतर यांना मी…

जावई : बोला मामा. मी आज वाटाड्या आहे, जावई नाही.

सासरे : आपण फार… आपण अतिशय आज्ञाधारक आहात!

सासूबाई : अहो, पुरे! माझ्या पोटात दुखायला लागलं.

सासरे : तू रडतेयस?

सासूबाई : हसतेय. माशाला अहो-जाहो!

सासरे : हसू नकोस. असा तोंडाशी आलेला पाहुणा मी आजवर घालवला नाही. जिताडा होता. अशी पाठ या खाडीत कितीतरी दिवसांनी दिसली. संपलं. बर्फवाला नाव घेईल, मी ओट्यावर बसेन. पाहुणे, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला हे जमायचं नाही.

जावई : खरं आहे, मामा. कोणता पाहुणा, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मामी, हात बघू. चुरचुरतोय का?

सासूबाई : हात राहू द्या. दुसरं आमिष लावा.

सासरे : कशाला?

सासूबाई : कशाला म्हणजे? पाणी अजून चढतंय ना? मला पुन्हा टाकायचाय.

सासरे : एवढा मोठा गेला, आणि तू पुन्हा टाकणार?

सासूबाई : आता ऐका माझं. एवढे दिवस नावेत तुम्ही होतात, पण धक्क्यावर मी होते. उतरणाऱ्या माणसांची तोंडं मी बघितलीत. टोपलीत हे मोठाले मासे, आणि तोंड असं, जसं काही कुणी परीक्षेत नापास केलंय. ती नवी जोडी आठवते? नवरीला तुम्ही म्हणालात, काठी आहे ती, केरसुणी नव्हे. बिचारी उतरली ती थेट बसस्टॉपवर. नवरा मागं टोपली घेऊन पळतोय.

सासरे : केरसुणीसारखीच धरली होती.

सासूबाई : आणि ते गणिताचे मास्तर? चांगले वयस्क गृहस्थ. धक्क्यावर माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, वहिनी, यांच्या हाताखाली मी शाळेत असतो तर शाळा सोडली असती.

सासरे : मास्तरांना मोठा मासा मिळवून दिला होता मी.

सासूबाई : दिलात. परत आले?

सासरे : टोपी वाळली का बघतो जरा.

सासूबाई : कुणीच परत यायचं नाही. मला वाटायचं, एकदा येण्यासारखंच असेल ते. आज माझ्या हाती काही लागलं नाही, टोपी सोडून. तरी मला पुन्हा टाकायचाय. उद्याही यायचंय. आता तुम्हीच सांगा, वाटाड्या कसा आहे ते.

सासरे : मासा गेल्याचं तुला काहीच वाटलं नाही?

सासूबाई : वाटलं नाही कसं? अजून पाण्याकडंच बघतेय मी. अहो, तुम्ही घरी येऊन सांगायचात ना, असा ओढला, तसा वळला, मग दमला. मी भांडी लावता लावता हं हं करायचे. आज कळलं, तुम्ही काय सांगत होतात.

सासरे : म्हणजे तू ऐकत होतीस?

सासूबाई : ऐकत होते. कळत नव्हतं.

सासरे : …पाहुणे.

जावई : कोणते, मामा?

सासरे : तुम्हीच. तो मोडका खांब दिसतोय पाण्यात? त्याच्या पलीकडं नाव घ्या. हळू. तिथं तळाला एक खड्डा आहे, मोठे पाहुणे तिथंच बसतात. गिऱ्हाइकाला मी कधी दाखवला नाही. कुणाला सांगू नका.

जावई : नाही सांगत. पण मामा, शनिवारी ते बर्फवाले…

सासरे : येऊ दे की. त्याला म्हणावं, नाव सहलीला गेलीय. शिकाऊ माणसं घेऊन.

सासूबाई : लेकीला मी सांगते. बांधलेलं सामान सोड म्हणून.

सासरे : नीट सांग. सोड म्हणजे गाठी सोड. नाहीतर ती घर सोडायची.

जावई : मामा, तुम्हीही येत जा. रोज.

सासरे : गिऱ्हाईक म्हणून?

जावई : हो.

सासरे : त्यात करायचं काय असतं?

जावई : काही नाही. टेकून बसायचं. वाटलं तर गळ टाकायचा, नाहीतर नुसतं बघायचं.

सासूबाई : टेका. पाठीला ही गोणी घ्या. पाय लांब करा. असे.

सासरे : अगं… छान आहे की गं इथं.