खोलीची मुदत

ग्रेसी : ...आणि तो पाच वर्षांचा नियमच कमिटीने काल बदलला, सर! बाहेरच्यांना शाळेची खोली आता दहा वर्षं भाड्याने देता येईल. घ्या, पेढा घ्या.

शिवदास : बदलला? अहो ग्रेसीबाई, तुम्हीच म्हणायचात, या शाळेच्या ऑफिसात घड्याळाचा सेलसुद्धा कुणी बदलत नाही.

ग्रेसी : तेच तर! आमच्या या दत्तारामनी गुदैबिया वस्तीतले सगळे आईबाप मीटिंगला आणून बसवले. असे भांडले, की प्रिन्सिपलनी हात जोडले.

दत्ताराम : भांडलंय नाय, समजावलंय. मास्तरानू, माझ्या चेडवान काल आजयेक पत्र लिवल्यान. घरात माका इंग्लिशीत उत्तर देता, पण पत्र मराठीत!

शिवदास : धाकट्या लेकीने, आजीला? शाबास! खजुराच्या बिया मांडून 'ळ' शिकली ती.

दत्ताराम : म्हणान म्हणतंय, आपलो शुक्रवारचो मराठीचो वर्ग बंद पडता नये. तुमच्या कंपनीतय बोलान इलंय. मीना सलमान बंदरातलो तुमचो साहेब व्हिसा वाढवतलो. खलास! आता खंय जातलास? हसा वायच!

शिवदास : हसतोय की.

दत्ताराम : थांबा, पोरांका सांगान येतंय.

(दत्ताराम बाहेर जातो.)

ग्रेसी : सर, पेढा हातातच राहिला.

शिवदास : खोलीच्या या नव्या करारात माझं नाव कशाला घातलंय? 'शिवदास मास्तर स्वतः शिकवीत असेपर्यंतच.'

ग्रेसी : त्या अटीवरच तर हो म्हणाले. नाहीतर टायपिंग क्लासवाला नजीब केव्हाचा टपून बसलाय. तुम्ही गेलात की खोली त्याची. पण तुम्ही कुठे जाताय?

शिवदास : येत्या मे महिन्यात. गावी. कायमचा.

ग्रेसी : काय सांगताय?

शिवदास : एकोणऐंशीत वर्ग सुरू केला, तेव्हाच गावी बायकोला, काशीला, कळवलं होतं. पाच वर्षं झाली की शाळा खोली परत घेईल, मग मी मोकळा. तिने मागच्या पडवीत न्हाणीघरसुद्धा बांधून घेतलं. माझ्या गुडघ्यांना विहिरीची चढण नको म्हणून.

ग्रेसी : मग इतके दिवस बोलला का नाहीत?

शिवदास : मुलांना 'आता पुरे' म्हणायला मला जमत नाही. आजवर एकाला म्हटलेलं नाही. वाटलं, माझ्या वतीने नियमच म्हणेल.

ग्रेसी : सही करू नका, सर. मी सांगते कमिटीला.

शिवदास : काय सांगाल? दत्तारामने कामावर खाडे करून एकेकाचे उंबरे झिजवले, ते कुणासाठी?

ग्रेसी : दुसरं कुणी शिकवेल.

शिवदास : अट तुम्हीच टाइप केलीत ना?

ग्रेसी : ...ऐकलंत? पोरं टाळ्या वाजवतायत.

शिवदास : ऐकतोय. सगळ्यात मोठ्याने ओरडतोय तो इलायस. 'क्ष' अजून उलटा काढतो. कुठे करायची सही?

ग्रेसी : सर...

शिवदास : इथे ना? खाली?

ग्रेसी : हो. पण काशीवहिनींना काय कळवणार?

शिवदास : नियम बदलला म्हणून. खोटं नाही ना ते?