शेवरीच्या उतारावरची गोजराबाई

सरका, सरका जरा. चुलीजवळ बसा. आणि ए सुमे, शेंगा फोड, खाऊ नकोस. बियाण्याच्या आहेत त्या. पेरायला टरफलं न्यायचीत का शेतात?

जावईबापू, तुम्ही का उभे? भुरभुर थांबली की निघतो म्हणता? बसा तर मग तोवर. एक गोष्ट सांगते. संपली की खुशाल निघा. मी कशाला अडवू?

ऐका तर.

माझा धाकटा भाऊ सर्जेराव. वडापची जीप चालवायचा, गावोगावची माणसं भरून. जीप म्हणजे काय, चार पत्रे, वर ताडपत्री, आणि सर्जाचा भरवसा. वैजयंता त्याची बायको. लग्नाला किती वर्षं झाली, पाळणा हलत नव्हता. देव झाले, डॉक्टर झाले, लोकांचं बोलून झालं. वैजू सणावारी पुढं यायची थांबली होती. आणि मग एकदाची राहिली हो! घाटापलीकडं माहेरी बाळंत झाली. मुलगी. सर्जा पेढे वाटत गावभर फिरला, कुत्र्यालासुद्धा दिला एक.

दिवस मार्गशीर्षाचे. सर्जा बायकोला आणायला गेला. जेवण झालं, ओटी भरणं झालं, आजीनं पोरीला काजळ घातलं, अंधारून आलं. सासू म्हणाली, "जावईबापू, आता रात करून लेकराला घेऊन जाऊ नका. आभाळ बी आलंय."

पण आमच्या आईनं बजावलेलं होतं. उद्या अवस. अवस लागायच्या आत नात घरात आली पाहिजे!

आता बघा माणसाचं डोकं कसं चालतं. अवसेला भ्यायचं. पुढं लिंबू-मिरची बांधलेली. बंपरला काळी बाहुली. आरशाला कसलासा ताईत. सगळा बंदोबस्त! आणि टायर? गोटा. चारीच्या चारी गोटा. नक्षीचं नाव नाही, हात फिरवला तर तव्यासारखे गुळगुळीत. "बारसं झालं की घालू नवे," म्हणायचा. कितीतरी महिने तेच म्हणत होता.

निघाले. वैजू मागं बसली, लेकरू मांडीवर, भोवती दुपटी. ताडपत्री खाली सोडलेली. चढ चढेपर्यंत काही नाही. खिंडीत आले आणि पाऊस सुरू झाला. मोठा नव्हे हो. अशीच, आत्ता बाहेर आहे तशी भुरभुर. मोठा पाऊस परवडला! तो रस्ता धुऊन तरी टाकतो. उसाचा हंगाम. दिवसभर ट्रॅक्टर जाऊन जाऊन डांबरावर ऑइल सांडलेलं, चाकांचा चिखल पडलेला, बैलगाड्यांचं शेण. त्यावर ही भुरभुर. सगळ्याचा साबण झाला होता नुसता.

आणि पुढं शेवरीचा उतार.

त्या उताराचं नाव घेतलं की बायका पोरांना पदराखाली घ्यायच्या. का? तर गोजराबाई.

ही गोजराबाई रस्त्यावर मैलकुली होती. कडेचं गवत काढायचं, गटार उपसायचं, रस्त्यावर पाणी साचू द्यायचं नाही, हे तिचं काम. एकुलता एक लेक, शिरपती. दुधाचा टेम्पो चालवायचा. त्याच उताराच्या तळाला, अशाच पावसात टेम्पो कठड्यावरून खाली गेला. आईनं स्वतः उचलला त्याला. त्यानंतर बाई घरी गेलीच नाही म्हणा. नोकरी संपली तरी खोरं घेऊन तिथंच. एका पावसाळ्यात तिथंच मेली. मग लोक बोलायला लागले. गोजरा गाड्या उचलते. लेक गेला ना तिचा, म्हणून दुसऱ्यांची लेकरं नेते.

सर्जानं काय करायचं ते आधीच ठरवलं होतं. कुणी हात केला तरी थांबायचं नाही. मागं बघायचं नाही. पाय दाबून सुटायचं. लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो ना?

पहिलं वळण. वळणावर कंदील!

मधोमध रस्त्यात. खाली नाही, वर नाही, माणसाच्या हाताइतक्या उंचीवर. हलतोय. इकडून तिकडं, इकडून तिकडं. थांब, थांब म्हणतात तसा.

सर्जा थांबला नाही. पाय दाबला. जीप कंदिलापाशी गेली आणि कंदील नाहीच! आणि त्याच वेळी जीपचं मागचं अंग सर्रकन बाजूला गेलं. आलं पुन्हा जागेवर. सर्जाला वाटलं, ढकललंच तिनं. आणखी दाबला पाय.

दुसरं वळण. आता ऐका. टक टक.

ताडपत्रीवर. बाहेरून. जीप पळतेय, आणि कुणीतरी बाजूनं पळत पळत ताडपत्री वाजवतंय. टक टक टक. वैजूच्या कानापाशी.

"अहो," वैजू म्हणाली, "कोणतरी थांबा म्हणतंय."

"बघू नकोस! लेकराला झाक!"

"हळू तरी घ्या हो. अंग आदळतंय तिचं."

"गप बस म्हणतो ना!"

कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता त्यानं. त्या रात्री ओरडला. माणूस भ्याला की आपल्याच माणसावर ओरडतो, तसं झालं. लेकरू जागं झालं, रडायला लागलं. आणि रडणं ऐकून सर्जाला एकच सुचलं. माझी पोर हिला द्यायची नाही. काय वाट्टेल ते होवो. पाय दाबला.

तिसऱ्या वळणावर ती स्वतः उभी.

नऊवारी, कासोटा मारलेला, अंगभर भिजलेली. दोन्ही हात पसरलेले, एका हातात खोरं. डोळे सरळ जीपच्या दिव्यांत. सर्जानं डोळे मिटले. मिटले हो! उतारावर! जीप तिच्यातून आरपार गेली. गारठा आला, ओल्या मातीचा वास आला. डोळे उघडले तर बाई शेजारी बसलेली.

शेजारी. ह्या एवढ्यावर. केसांतून पाणी गळतंय.

"सर्जा," ती म्हणाली, "पाय काढ."

ह्याच्या तोंडात रामनाम, आणि पाय? पाय पुरता खाली.

समोर उताराचा तळ. तिथं रस्ता सपाट होतो आणि लगेच वळतो. दिव्यात सर्जाला दिसला तो काळाभोर, गुळगुळीत रस्ता. चांगला वाटला त्याला. तो रस्ता नव्हता. पाणी होतं ते!

जीप पाण्यात शिरली आणि आवाज बंद. टायरांची घरघर बंद. स्टेरिंग हातात हलकं झालं. इतकं हलकं, की कशाला जोडलेलंच नाही. वळवलं तरी वळेना. जमिनीचा आणि जीपचा संबंध सुटला. समोर कठडा. मागं वैजूनं लेकराला पोटाशी धरलं आणि कमरेत वाकली.

सर्जाचा पाय ब्रेकवर जाणार, तोच घोट्याला हात पडला. गार, ओला, कामाचा हात. असा आवळला की पाय हलेना.

"ब्रेक नको, लेकरा! माझ्या शिरपानं हेच केलं. पाय वर घे. स्टेरिंग सरळ धर, झटका देऊ नको. गाडीला जमिनीवर उतरू दे. उतरू दे."

सर्जानं पाय वर घेतला. स्टेरिंग धरून बसला. लई वेळ गेला असं वाटलं त्याला. जीप आपसूक मंदावली. मंदावली, आणि टायरांनी जमीन धरली. खरर्र करून आवाज आला. एवढा गोड आवाज आयुष्यात ऐकला नाही, म्हणायचा. मग त्यानं हळूच वळवलं, हळूच ब्रेक दाबला, आणि जीप कठड्याला हात लावता येईल इतकी जवळ जाऊन उभी राहिली.

 पावसाचाच काय तो आवाज.

सर्जा रडत होता. म्हणाला, "बाई, मला ने. त्या दोघींना सोड."

"येडा रे येडा," गोजराबाई म्हणाली. "न्यायला काय, दुकान मांडलंय का मी? अरे, पाण्याला पळायला जागा लागते. टायरला नक्षी असते ना, तिच्यातनं पाणी बाजूला पळतं. तुझी नक्षी गेली. वर तू घाई केलीस. पाण्यानं जावं कुठं? मग ते टायरखाली शिरतं आणि गाडी उचलून धरतं. पाण्यावर कुठला ब्रेक लागतोय! चाक थांबतं, गाडी घसरतच राहते. भूतबित काही नसतंय रे त्यात."

भूतच सांगतंय, भूत नसतंय! हसा, हसा. सर्जाला तेव्हा हसू आलं नाही.

"मी कंदील दाखवते," ती म्हणाली, "तर पळतात. हाका मारते, तर आणखी पळतात. माझी पोरं मलाच भिऊन मरतात. मी काय करू सांग?"

तेव्हा वैजू मागून बोलली. "मावशी, लेकरू बघायचंय का?"

आता विचार करा. ओली बाळंतीण. कोवळं पोर. आणि समोर कोण! पण वैजूला त्या आवाजात आई ऐकू आली. तिनं दुपटं बाजूला केलं. गोजराबाई वळली. बघितलं तिनं. खूप बघितलं. हात पुढं केला, मागं घेतला. ओला होता ना. वैजू म्हणाली, "लावा की."

म्हातारीनं पोरीवरून हात उतरवले, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बोटाला रस्त्याचा चिखल होता, त्याचीच गालावर तीट लावली. पोर रडायची थांबली.

"निघा आता," ती म्हणाली. "माझं काम राहिलंय. उसाच्या पाचटानं मोरी तुंबलीय. मी काढते, ट्रॅक्टर पुन्हा सांडतात. एकटीनं सरत नाही."

सर्जा खाली उतरला.  सीटखालचा पत्रा काढला आणि दिव्याच्या उजेडात, रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी वाकून पाचट उपसायला लागला. शेजारी खोऱ्याचा आवाज. खस्स, खस्स. त्यानं मान वर केली नाही. भीती नव्हती, म्हणायचा, लाज वाटत होती. किती वर्षं त्या वाटेनं गेलो, एकदा थांबलो नाही.

मग मोरीनं पाणी गिळलं. गटगट करून सगळं खाली गेलं, रस्ता उघडा पडला. सर्जानं शेजारी बघितलं. कुणी नव्हतं.

घरी आले. आईनं भाकरतुकडा ओवाळायला दिवा वर धरला आणि म्हणाली, "ही चिखलाची तीट कुणी लावली गं?"

वैजू म्हणाली, "एका आईनं."

काळी बाहुली काढली सर्जानं. बारशाच्या आधी चार टायर आले, बारशाला जिलेबी आली नाही. नाव काय ठेवलं? आमच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला, पण सर्जानं ऐकलं नाही. गोजरा.

हो जावईबापू. तुमची बायको. ती बघा, शेंगा फोडायचं सोडून डोळे पुसतेय.

त्यानंतर सर्जानं एक हंगाम चुकवला नाही. पाऊस आला की खोरं जीपमध्ये टाकायचा आणि उताराला जायचा. म्हातारी पुन्हा दिसली नाही त्याला. म्हणायचा, "आत्ता तिला काम कमी झालं गं आक्का." मागल्या साली तो गेला. अंथरुणावर गेला, सुखानं गेला. आणि परवा दूधवाला सांगत आला, शेवरीच्या उतारावर पहाटे खोऱ्यांचा आवाज येतो. एकाचा नाही. दोन खोऱ्यांचा.

मला रडू आलं. येणारच की. भाऊ होता माझा.

तर पोरांनो, त्या वाटेनं जाऊ नका. गोटा टायर घेऊन, भुरभुर पावसात, घाई करून कधी जाऊ नका. आणि गेलात, अन् कुणी थांब म्हणालं, तर थांबा.

जावईबापू, कुठं उठलात? मघाशी तुमच्या मोटारसायकलीच्या टायरवरून हात फिरवून आलेय मी. आत्ता तुम्ही निघालात तर ती दोघं कंदील घेऊन रात्रभर तुमच्यासाठी भिजत उभी राहतील. सासरा आहे तो तुमचा, त्याला थंडी सोसत नव्हती.

किल्ली द्या इकडं. गोजरे, तुझ्या नवऱ्याचं अंथरूण घाल.